गाव धरणात जाते तेव्हा : मराठवाड्यातल्या प्रकल्पग्रस्तांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर, निम्न दुधना, सीना-कोळेगाव. मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या धरणाच्या पाण्याखाली कुणाचे तरी गावठाण, मळा आणि आखाडा आहे. एकट्या नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, फुगवटा सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा. पायाभरणी १९६५ साली झाली, लोकार्पण १९७६ साली, आणि त्या गावांची नातवंडे आजही प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढतात. खालचे प्रश्न त्यांचे आहेत आणि ज्यांचे गाव आता उठायचे आहे त्यांचेही. बहुतेक उत्तरे एकाच जागी येऊन थांबतात : पाणी यायच्या आधी झालेला कागद. पाणी आल्यावर जमीन, घर, झाड, विहीर यांतले काहीच दाखवता येत नाही.

आमचे गाव बुडणार की नाही, हे नक्की कसे कळते?

धरणाच्या दोन पातळ्या विचारा. एक पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण शंभर टक्के भरल्यावर पाणी जिथवर येते ती. जायकवाडीची १५२२ फूट आहे. दुसरी महत्तम पूर पातळी. ती त्याहून वर असते. पाटबंधारे उपविभागात बुडीत क्षेत्राची गटनिहाय यादी आणि नकाशा असतो. माहिती अधिकारात त्याची नक्कल मागा आणि आपला गट नंबर स्वतः शोधा. 'तुमचे गाव यादीत नाही' या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

यादीत नसलेली गावेही बुडतात, त्याचे कारण समजून घ्या. भिंतीपाशी पाणी सपाट असते, पण पुराच्या वेळी फुगवट्याच्या शेपटाकडे नदीचे येणारे पाणी चढत जाते, कारण पुढे सरकायला त्याला उतार लागतो. धरण भरलेले आणि वरून पूर, असे एकाच वेळी झाले की रेषेच्या वरच्या घरांतही पाणी शिरते. तुमचे गाव फुगवट्याच्या शेपटाशी, ओढ्याच्या संगमाजवळ असेल तर हरकत घेतानाच 'पुराच्या फुगवट्याची पातळी काढून द्या' अशी लेखी मागणी करा.

तिसरी गोष्ट रस्त्याची. घर कोरडे राहते, शेत जाते आणि वाट बुडते. असे गाव पावसाळ्यात चारी बाजूंनी पाण्यात अडकते. मागणीच्या अर्जात 'संपर्क तुटतो' हे शब्द स्वतंत्रपणे लिहा.

मोजणीच्या दिवशी काय करावे?

त्या दिवशी दुसरे कुठलेही काम ठेवू नका. सोयऱ्यांकडे लग्न असले तरी घरातला एक जाणता माणूस शेतात आणि एक घरी हवा. संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा भूकरमापक, भूसंपादनाचा माणूस आणि पाटबंधारेचा प्रतिनिधी येतात. घराचे मूल्यांकन सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, फळझाडांचे कृषी विभाग आणि सागासारख्या इमारती लाकडाचे वन विभाग. हे सगळे एका दिवशी येत नाहीत. त्यामुळे 'मोजणी झाली' म्हणजे झाडे मोजली गेली, असे धरू नका.

मराठवाड्यात नुकसान हमखास होते ते माळवदाच्या घरात. भिंती दगड-मातीच्या, अडीच-तीन फूट जाड. वर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि पांढऱ्या मातीचा थर. तक्त्यात याची नोंद पडते 'मातीचे कच्चे घर' अशी, आणि घराची सगळ्यांत मोलाची वस्तू, म्हणजे लाकूड, हिशेबातून गळते. म्हणून घर खणांनी सांगा आणि लाकूड नगांनी : किती खण, किती खांब, किती तुळया, प्रत्येकीची लांबी आणि घेर किती फूट, लाकूड कशाचे. ही यादी आधीच दोन प्रतींत तयार ठेवा, एक पंचनाम्याला जोडायला द्या आणि दुसरीवर पोच घ्या.

मातीखाली असलेले काहीच मोजले जात नाही, जोवर तुम्ही दाखवत नाही. धान्याचे पेव, पुरलेली पाइपलाइन, विहिरीचे बांधकाम ही नेहमीची उदाहरणे. पाइपलाइन दोन ठिकाणी उकरून दाखवा आणि तिची लांबी, व्यास व खरेदीची पावती द्या. विहिरीचा व्यास, एकूण खोली आणि त्यातली बांधीव खोली वेगवेगळी लिहून घ्या. वीजजोडणीचे बिलही जोडा.

झाडांचे वय लिहायला लावा. 'आंबा १' अशी नोंद पन्नास वर्षांच्या फळत्या झाडाची आणि तीन वर्षांच्या रोपाची सारखीच दिसते, मोल मात्र कितीतरी पट वेगळे. प्रत्येक झाडाबरोबर घरातल्या माणसाला उभे करून मोबाइलवर फोटो काढा, ठिकाण आणि तारीख दिसेल असा.

पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. काही राहिले असेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा : 'अमुक बाबी नोंदवलेल्या नाहीत, हरकत राखून सही'. मोजणीपूर्वी घराचे लाकूड काढू नका. निवाड्यानंतर, म्हणजे भरपाईची रक्कम ठरवणाऱ्या आदेशानंतर, सामान नेता येते का, हे मात्र लेखी विचारा. पुष्कळदा परवानगी मिळते आणि त्याच तुळया नव्या घराला लागतात.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. चालेल का?

चालणार नाही. मावेजा, म्हणजे संपादनाची भरपाई, कागदावरच्या नावाने निघतो. वारसांत वाद असला की रक्कम थेट प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जमा होते आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राहते. वारस फेरफार आधी करा. बहिणींची नावे लावा, त्यांचा हक्क कायद्याने समान आहे. हक्कसोडपत्र हवे असेल तर ते राजीखुशीने आणि नोंदणीकृत. निवाड्याच्या आदल्या आठवड्यात घाईने करून घेतलेली सोडपत्रे पुढे कोर्टात जातात आणि घरे फुटतात. वाटणी तोंडी झाली असेल तर तीही कागदावर आणा.

मावेजा कसा काढतात?

१ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा भूसंपादन कायदा लागू आहे. बाजारभाव काढताना मुद्रांकाचा दर आणि मागच्या तीन वर्षांतल्या शेजारच्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी पाहतात, आणि यांत जो आकडा जास्त तो घेतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ पर्यंतचा गुणक लागतो. मग झाडे, विहीर, घर यांची किंमत मिळवायची आणि येणाऱ्या बेरजेइतकीच रक्कम दिलासा म्हणून, म्हणजे १०० टक्के.

समजण्यापुरता हिशेब : एकराचा बाजारभाव ५ लाख, गुणक २, म्हणजे १० लाख. झाडे आणि विहीर २ लाख. बेरीज १२ लाख, दिलासा १२ लाख, एकूण २४ लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर सालीना १२ टक्के.

इथे अडचण येते ती आपल्याच जुन्या सवयीची. मुद्रांक वाचवायला गावात खरेदीखते कमी किमतीची केलेली असतात, आणि तीच कमी किंमत मावेजाचा पाया होते. दुसरी चूक जिरायत-बागायतची. विहीर आहे, ऊस किंवा मोसंबी उभी आहे, पण पीकपाहणीत 'जिरायत' लागलेले. किमान तीन वर्षांच्या पीकपाहणीच्या नोंदी आधीच तपासा आणि चूक असेल तर तहसीलदारांकडे दुरुस्ती मागा.

शेतजमिनीच्या मावेजावर प्राप्तिकर नाही. तरी कपात झाली असेल तर विवरणपत्र भरून परत मिळते.

पैसे उचलले तर वाढीव मावेजाचा हक्क जातो का?

मुकाट उचलले तर जातो. पावतीवर 'हरकत राखून रक्कम स्वीकारली' हे शब्द हवेत. लिपिक 'जागा नाही' म्हणाला तर सहीच्या शेजारी लिहा आणि त्याच दिवशी वेगळा अर्ज आवक करून शिक्का घ्या.

मुदत कडक आहे. निवाडा वाचला तेव्हा तुम्ही हजर असाल तर त्या दिवसापासून ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतले जे आधी संपेल ते. या मुदतीत कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा. शेजाऱ्याचा मावेजा वाढला आणि तुम्ही अर्जच केला नव्हता, असे असेल तर त्या निकालापासून ३ महिन्यांत कलम ७३ ची वाट मोकळी असते. म्हणून एकाच निवाड्यातल्या कास्तकारांनी एकमेकांच्या निकालांवर लक्ष ठेवावे.

थेट खरेदीला हो म्हणावे का?

थेट खरेदीत पैसे लवकर हातात येतात आणि मावेजावर २५ टक्के जादा मिळतात. पण ते तुमच्या संमतीचे खरेदीखत असते, नंतर 'कमी मिळाले' म्हणून कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. त्यामुळे सगळी घासाघीस सहीच्या आधी. झाड, विहीर, पाइपलाइन पूर्ण आली का ते पाहा आणि पुनर्वसनाचे लाभ व प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र मिळणार असल्याचे लेखी घ्या. आमचे मत असे : मूल्यांकन पुरे आणि बरोबर झाले असेल तर हरकत नाही, अर्धवट असेल तर २५ टक्क्यांच्या मोहात पडू नये.

जमीन १९६०-७० च्या दशकात गेली. आता काय करता येते?

वाढीव मावेजाची दारे जवळपास बंद झालेली असतात. तेव्हाचा कायदा १८९४ चा, त्यातल्या मुदती कधीच उलटल्या. 'तुमची जुनी जमीन परत मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. जिवंत असलेला हक्क म्हणजे प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र आणि नव्या गावठाणातली अपुरी कामे.

पुरावा तीन ठिकाणी सापडतो. निवाड्याची प्रत भूसंपादन शाखेत किंवा जिल्हा अभिलेख कक्षात मिळते, मात्र धरण, गाव आणि साल सांगावे लागते. संपादनापूर्वीचे सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात. आणि सगळ्यांच्या मुळाशी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, कारण मराठवाडा तोवर हैदराबाद राज्यात होता. काही जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात, जाणकाराकडून लिप्यंतर करून सोबत जोडा.

नावांचा घोळ इथेच सुरू होतो. खासऱ्यात 'नामा पिता धोंडी', निवाड्यात 'नामदेव धोंडीबा' आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावासकट तिसरेच. तिन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि जुनी मतदार यादी जोडली तर अर्ज सहसा याच मुद्द्यावर परत येत नाही.

प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र कसे काढायचे आणि त्याचा उपयोग काय?

शासकीय नोकरीत गट क आणि ड मध्ये प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयाची मर्यादा ४५ वर्षांपर्यंत शिथिल होते. समांतर म्हणजे आपापल्या प्रवर्गाच्या आत. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे, परीक्षा द्यावीच लागते.

अर्ज जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे. सोबत निवाड्याची प्रत, संपादनापूर्वीचा सातबारा किंवा घर गेले असेल तर त्याचा निवाडा, ताबा पावती, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, आधार, शिधापत्रिका, शाळेचा दाखला आणि कुटुंबातल्या इतरांचे संमतीपत्र. प्रमाणपत्र एकाच व्यक्तीच्या नावे निघते. त्यावर नोकरी लागली की त्या कुटुंबाचा लाभ संपला. नोकरी लागली नसेल तर जुने प्रमाणपत्र परत करून दुसऱ्याच्या नावे हस्तांतर मागता येते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या काकांच्या नावे ते कपाटात ठेवू नका, वेळेत पुतणीच्या नावे करा.

विकत मिळणारी प्रमाणपत्रे खोटी निघतात. भरतीनंतर पडताळणी होते, नोकरी जाते आणि गुन्हा दाखल होतो.

जमिनीच्या बदल्यात जमीन मिळते का?

राज्याच्या पुनर्वसन कायद्यात (१९७६, १९८६, १९९९) लाभक्षेत्रातली, म्हणजे धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या भागातली, पर्यायी जमीन आहे, पण त्यासाठी मावेजातून ६५ टक्के रक्कम कपात करून घेण्याला वेळेत संमती द्यावी लागते. पुष्कळांनी त्या वेळी पूर्ण पैसे उचलले, लग्ने आणि कर्जे भागवली, आणि पुढे जमीन मागायला गेल्यावर 'कपात नाही' हे उत्तर मिळाले. २०१३ च्या कायद्यात सिंचन प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या कुटुंबाला शक्य तितके लाभक्षेत्रातली किमान १ एकर अशी तरतूद आहे.

मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते. परवानगीशिवाय विकली तर व्यवहार रद्द होऊ शकतो. ताबा घेण्याआधी जमीन पायांनी फिरून पाहा : मुरमाड आहे का, कालव्याचे पाणी तिथे चढते का, आधीच कुणी कसत आहे का. कागदावर जमीन आणि जागेवर दुसऱ्याची पेरणी, ही जुनी तक्रार आहे.

आम्ही भूमिहीन आहोत. आम्हाला काही नाही का?

आहे. बटईदार, सालगडी, मजूर आणि कारागीर संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबत असतील आणि त्यांचे पोट त्यावरच असेल तर तेही २०१३ च्या कायद्याने बाधित कुटुंब आहेत. विस्थापित होणाऱ्या कुटुंबाला घर, वर्षभर दरमहा ३,००० रुपये, सामान हलवायला ५०,००० आणि पुनर्वसन भत्ता ५०,०००. नोकरी नसेल तर एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षे दरमहा किमान २,००० रुपये. अडते ते पुराव्यापाशी. बटईदाराचे नाव पीकपाहणीत नसते आणि मालक लिहून द्यायला कचरतो. शिधापत्रिका, मतदार यादी, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि मुलांचे शाळेचे दाखले गोळा करा. पुनर्वसनाचे सर्वेक्षण होते तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरे कुलूपबंद असतात. त्यांची नावे ग्रामसभेच्या ठरावात घालून घ्या, नाहीतर ती यादीतून जातात.

किनवट-माहूरकडच्या जंगलातल्या गावांचे नियम वेगळे आहेत का?

हो. पैनगंगेकाठच्या त्या भागात कोलाम, आंध, गोंड कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात. सातबारा नसला तरी वनहक्क कायदा २००६ लागू होतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असाल तर दावा करता येतो, कमाल ४ हेक्टर. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. अर्ज अ वैयक्तिक, ब सामूहिक आणि क सामूहिक वनसंपत्तीचा. मोह, तेंदू, डिंक, बांबू गोळा करण्याचा हक्क ब मध्ये येतो आणि त्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. जमिनीला जमीन मिळेल, मोहाचे झाड कुणी आणून देत नाही, म्हणून तो हक्क आधी कागदावर आणा.

दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत तिथून हलवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये स्पष्ट आहे. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे जा. अनुसूचित क्षेत्रात येणाऱ्या गावांनी ग्रामसभेचे इतिवृत्त स्वतःच्या ताब्यात प्रतींसह ठेवावे.

नव्या गावठाणात घर बांधताना काय चुकते?

काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा देते आणि तिच्याबरोबर पायाही वरखाली होतो. दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते ती याने. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोदा. काळी माती फार खोल असेल तर नुसते दगड भरून भागत नाही, खाली फुगीर बुडाचे काँक्रीटचे पाइल घ्यावे लागतात, साधारण साडेतीन मीटर खोल. पाया आणि जोते मुरमाने भरा, काढलेली काळी माती परत आत टाकू नका. जोत्याच्या पातळीला सळईचा पट्टा घ्या आणि घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उताराचा कोबा करा, म्हणजे भिंतीलगत पाणी मुरणार नाही.

आराखडा मंजूर होण्याआधी ग्रामसभेत बघा. गोठा, कडबा आणि बैलगाडीला जागा आहे का? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये ५२ गावे नव्या जागी वसली. तिथले रुंद चौकोनी रस्ते आणि दूरदूर पसरलेली घरे शेतीच्या घराला सोयीची ठरली नाहीत, लोकांनी पुढे आपापल्या सोयीने भर घातली. आणि एक बाब आवर्जून : दहनभूमीबरोबर दफनभूमीही वेगळी मागा. लिंगायत आणि मुस्लिम समाज दफन करतात, आणि आराखड्यात एकच स्मशान दाखवलेले असते.

सुविधा अपुऱ्या असताना गावठाण ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करावे का?

नाही. १९९९ च्या कायद्याने १८ नागरी सुविधा आहेत : पाणी, वीज, शाळा, जोडरस्ता, अंतर्गत रस्ते, गटार, स्मशानभूमी, समाजमंदिर वगैरे. एकदा हस्तांतराचा ठराव दिला की दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात. संयुक्त पाहणी एप्रिल-मेमध्ये मागा. बोअरला पावसाळ्यात पाणी असतेच, धरण डोळ्यांसमोर असूनही कोरडे पडते ते उन्हाळ्यात. सोबत महसुली गावाची अधिसूचना, गावठाणाची मोजणी आणि प्रत्येक प्लॉटची सनद मागा. सनद नसेल तर घरकुल मंजूर होत नाही आणि बँक कर्ज देत नाही.

धरणाचे पाणी उतरल्यावर आमची जुनी जमीन उघडी पडते. पेरता येते का?

ती गाळपेर जमीन. मालकी शासनाची, पण एका हंगामासाठी भाड्याने देताना मूळ प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम असतो. पावसाळा सरता सरता पाटबंधारे शाखेत जुना गट नंबर आणि निवाड्याच्या प्रतीसह अर्ज द्या. ओलीवर हरभरा, ज्वारी चांगली येते, पुढे काठाला खरबूज, काकडी. बांध घालू नका, बोअर घेऊ नका, आणि गाळातून पाइप-मोटार लावण्याआधी उपशाची परवानगी घ्या. पाणी लवकर चढले तर पिकाची भरपाई मिळत नाही, म्हणून कमी दिवसांचे पीक बरे.

मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला मिळतो. विस्थापितांनी संस्थेचे सभासदत्व मागावे.

पुनर्वसन अर्धवट आहे आणि या वर्षी घळभरणी, म्हणजे नदीपात्रातली भिंतीची शेवटची फट बुजवणे, होणार. काय करावे?

२०१३ च्या कायद्याचे कलम ३८ सांगते की सिंचन प्रकल्पात पुनर्वसन जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पूर्ण झाले पाहिजे. त्याचा हवाला देऊन जिल्हाधिकारी आणि पाटबंधारे महामंडळ दोघांना ग्रामसभेचा ठराव पाठवा. सोबत राहिलेल्या घरांची यादी, न मिळालेल्या रकमा, अपुरी कामे, फोटो. उत्तर आले नाही तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाता येते. पावसाळ्याआधी जा, जुलैत नव्हे.

कोर्ट चालू असले तरी पाणी थांबत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि लेंडी धरणाच्या बुडीत भागातल्या हसनाळ, रावणगाव परिसरात रात्रीतून पाणी घरांत शिरले. माणसे दगावली, गोठ्यात बांधलेली जनावरे जागीच गेली. घळभरणी झालेल्या धरणाच्या काठी हक्कासाठी बसून राहायचे असले, तरी म्हातारी माणसे, लेकरे, गाभण जनावरे आणि कागदांची पेटी जूनमध्येच उंचावर हलवा. ताबा सोडल्याचा अर्थ निघू नये म्हणून तहसीलदारांना लिहून द्या : 'जीवितरक्षणासाठी तात्पुरते स्थलांतर, पुनर्वसनाचे सर्व हक्क राखून'. रात्री दावणीची जनावरे सुटी ठेवा.

जुन्या गावातून निघताना कोणते कागद सोबत हवेत?

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, संपादनापूर्वीचा सातबारा आणि आठ-अ, पंचनामा, निवाडा, ताबा पावती, शाळेच्या निर्गम उताऱ्याची प्रत, जन्म-मृत्यूचे दाखले. प्रत्येकी तीन साक्षांकित प्रती : एक घरी, एक लेकीच्या सासरी, एक प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. मंदिर, मशीद, समाधी यांचे मूल्यांकन कुणाच्या नावे झाले तेही उतरवून घ्या, कारण ती रक्कम ग्रामपंचायतीच्या किंवा विश्वस्तांच्या खात्यात असते आणि नव्या गावात मारुतीचा पार बांधायच्या वेळी तिची आठवण ठेवणारे माणूस उरलेले नसते.